मूत्रपिंडविकार झालेल्या मांजराचा आहार
(मल्हारगंज, इंदूर येथील भाषणाचा मजकूर)



मल्हाररावांचे नाव धारण करणारी ही वस्ती आहे. गंज म्हणजे बाजारपेठ. जेथे धान्य तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा क्रम खेड्यातही आहे आणि शहरातही आहे. परंतु गाय आजारी पडली तर घर जागे होते. मांजर आजारी पडले तर 'म्हातारे झाले' एवढे म्हणून आपण गप्प बसतो. वयस्क मांजरांत वारंवार आढळणारा मूत्रपिंडांचा जुनाट विकार त्यामुळेच दुर्लक्षित राहतो. हा विकार बरा होत नाही हे खरे; मात्र योग्य आहाराने त्याची गती मंदावते आणि मांजराचे आयुष्य वाढते.

मांजराच्या प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे दोन लाख सूक्ष्म घटक असतात. नष्ट झालेले घटक पुन्हा निर्माण होत नाहीत. साधारणपणे दोनतृतीयांश घटक निकामी झाल्यावर मूत्र दाट करण्याची शक्ती जाते आणि तीनचतुर्थांश निकामी झाल्यावर रक्तात टाकाऊ द्रव्ये साचू लागतात. मांजर वारंवार पाणी पिते, लघवी वाढते, वजन उतरते, केस राठ होतात, ओकाऱ्या होतात व तोंडाला दुर्गंधी येते. माळव्याच्या उन्हाळ्यात जास्त पाणी पिणे स्वाभाविक वाटते. पण तीच सवय श्रावणातही कायम राहिली, तर रक्त व मूत्र तपासून घेणे अगत्याचे होय.

आहाराचे महत्त्व प्रयोगांनी दाखवून दिले आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशेष आहार स्वीकारणाऱ्या मांजरांचे मध्यमान आयुष्य निदानानंतर ६३३ दिवस, तर तो न स्वीकारणाऱ्यांचे २६४ दिवस आढळले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने २००६ साली ४५ मांजरांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन वर्षांच्या त्या चाचणीत सामान्य आहारावरील २३ पैकी ५ मांजरे मूत्रपिंडविकाराने दगावली. विशेष आहारावरील एकही त्या कारणाने दगावले नाही.

या आहाराचे तत्त्व शेतकऱ्याला समजण्यास कठीण नाही. नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे खताच्या गोणीवरून त्याच्या परिचयाची आहेत. प्रथिनांतील नत्रापासून शरीरात युरिया तयार होतो व तो बाहेर टाकण्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो; म्हणून प्रथिने बेताची, पण उत्तम प्रतीची असावीत. स्फुरद रक्तात साचला की विकार वेगाने बळावतो. म्हणून तो निश्चयपूर्वक कमी करावा. पालाश मात्र पुष्कळदा लघवीवाटे निघून जातो, स्नायू दुबळे होतात व मान खाली झुकते. तेथे तो वाढवावा लागतो. याचा निर्णय रक्ततपासणीवरूनच करावा.

आता आपल्या घरातील ताटलीकडे पाहू. दूधभात हे मांजराचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. पण १०० मिलिलिटर दुधात सुमारे ९० मिलिग्रॅम स्फुरद असतो आणि अनेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. अंड्याच्या पिवळ्या बलकात स्फुरद विपुल, तर पांढऱ्या भागात १०० ग्रॅममागे केवळ १५ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. उलट त्यात उत्तम प्रथिने सुमारे ११ ग्रॅम असतात. म्हणून उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग उपयुक्त ठरतो. कोंबडीचे बिनहाडाचे मांस भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास स्फुरद काही अंशी घटतो. हाडे, कलेजी, सुकी मासळी आणि इंदूरच्या घरोघरी असणारी खारी शेव यांपासून मांजरास दूर ठेवावे. कांदा व लसूण तर निरोगी मांजरासही विषारी आहेत.

शाकाहारी कुटुंबांत मांस पूर्णपणे वर्ज्य करून केवळ भात किंवा पोळी देण्याचा मोह होतो. हे योग्य नव्हे. मांजर हा मूलतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन या घटकाच्या अभावी मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ साली सिद्ध झाले. केवळ घरगुती जिन्नसांनी सर्व गरजा भागणे अवघड असल्यामुळे या विकारासाठी तयार केलेले खाद्य वापरावे, अथवा घरचा आहार पशुवैद्याकडून ठरवून घ्यावा.

पाणी हे या रोगात औषधाइतकेच मोलाचे आहे. कोरड्या खाद्यात पाणी साधारणपणे १० टक्क्यांच्या आसपास असते. ओल्या खाद्यात ते ७५ टक्क्यांच्या घरात असते. म्हणून ओले अन्न द्यावे, आणि घरात दोनतीन ठिकाणी रुंद भांड्यांत ताजे पाणी ठेवावे. मांजर लघवी फार करते म्हणून पाणी तोडणे ही घातक चूक होय.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, नव्या आहाराच्या आग्रहापायी मांजराला उपाशी ठेवू नये. काही दिवस अन्न सुटल्यास यकृतात मेद साचून मांजर दगावू शकते. नवे अन्न जुन्यात थोडेथोडे मिसळून काही आठवड्यांत बदल घडवावा. अन्न किंचित कोमट करावे, म्हणजे वासाने भूक चाळवते. नवे अन्न नाकारल्यास जुने द्यावे. पोटात काहीच न जाण्यापेक्षा ते बरे. माणसाची वेदनाशामके कदापि देऊ नयेत; पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते.

उपचारासाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि इंदूरकरांना महू येथील १९५५ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही दूर नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरच्या मांजराचे वजन दर पंधरवड्यास नोंदवून घ्यावे. मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे व स्वतःचे वजन वजा करावे. एवढ्या साध्या नोंदीतूनही रोग वेळीच कळू शकेल. ज्या प्राण्याने आपले धान्य राखले, त्याच्या उतारवयात त्याची ताटली विचारपूर्वक भरणे, हे आपले कर्तव्य आहे.