बायकांच्या ताटातली पालेभाजी

औषधांच्या दुकानात हल्ली 'ताकदीच्या गोळ्या' मागणारे खूप दिसतात. त्यांतल्या पुष्कळशा 'ब' जीवनसत्त्वाच्या असतात. मी बी. ए. झालेला कवी, गोळ्यांचे गुणदोष डॉक्टरांनी सांगावेत. मला सांगायची आहे ती लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाईंची गोष्ट.

१९२८ साली त्या मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना रक्तक्षय होई, त्यात कित्येक दगावत. विल्सबाईंनी कोण काय खातं हे पाहिलं. सर्वांत निकस जेवण आणि सर्वांत जास्त रक्तक्षय आढळला तो गरीब मुसलमान बायकांत. माझी आजी त्याच पिढीतली. हे वाचलं आणि मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

उपाय सापडला तोही मजेशीर. बीअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा अर्क, मार्माइट, दिल्यावर या बायकांचं रक्त भरून आलं. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे १९४१ मध्ये तो घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक आम्ल म्हणू लागले. हेच ब-९.

म्हणजे मेथी, पालक, चवळी, मसूर, हरभरा यांत जे होतंच, ते त्या बायकांच्या ताटापर्यंत पोचत नव्हतं.

आजही थोडं आपण मोरीत ओततो. 'ब' गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. तांदूळ चार-चार पाण्यांनी धुतला, भाजी उकळून पाणी फेकलं, डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घातला, की ती कमी होतात. कोकणातला उकडा तांदूळ मला म्हणूनच शहाणा वाटतो. भात सालासकट उकडताना कोंड्यातलं ब-१ दाण्यात मुरतं. पेज प्यायली तर पाणीही वाया जात नाही. भाजी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून करावी.

पण नुसतं शिजवून भागत नाही. आमच्याकडे बकरी ईदला आधी कलेजी शिजते. ती पुरुषांच्या दस्तरखानावर जाते, बायका मागाहून उरलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करतात. इतर घरांतही हे वेगळं असेल असं वाटत नाही. हे जीवनसत्त्व शरीरात फार साठत नाही. रोज खावं लागतं, आणि बाईनंही रोजच खायला हवं.

ब-१२ ची तऱ्हा वेगळी. ते पालेभाजीत नाही. मटण, मासे, अंडी, दूध, दही यांत असतं. शाकाहारी घरात दूध-दही तरी नेमानं हवं. तेही चालत नसेल, तर तपासणी करून गोळी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. गरोदर बाईला लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात, त्या तिनं घ्यायच्याच. कलेजीत 'अ' जीवनसत्त्व फार असतं, म्हणून त्या महिन्यांत ती टाळायला सांगतात. तिच्यासाठी मेथी-पालकाची भाजी आधी वेगळी काढून ठेवावी.