दुसऱ्या क्रमांकाचा माणूस

आज ज्या खेळाविषयी बोलणार आहे, तो आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही. अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल असलं तरी चेंडू लंबगोल आणि खेळायचा मुख्यतः हातांनी. या खेळात ‘क्वार्टरबॅक’ नावाची एक जागा असते. संघाची चाल तो सुरू करतो, चेंडू कुणाकडे फेकायचा हे क्षणार्धात ठरवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मैफलीतला मुख्य गायक. हा मैदानात एका वेळी एकच असतो. बाकीच्या अनेक जागांवर खेळाडू आलटूनपालटून उतरतात. इथे मात्र पहिला जायबंदी झाल्याशिवाय किंवा अगदीच निष्प्रभ ठरल्याशिवाय दुसऱ्याची पाळी सहसा येत नाही.

फ्रँक राइक हा असा दुसरा माणूस. जन्म 1961 चा. मेरीलँड विद्यापीठात तो बूमर असायसन या नामवंत क्वार्टरबॅकच्या मागे बसला. 1985 मध्ये बफेलो बिल्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं. पुढच्याच वर्षी तिथे जिम केली आला आणि राइकची जागा पुन्हा दुसरी झाली.

पण या माणसाच्या नावावर दोन चमत्कार आहेत. नोव्हेंबर 1984 मध्ये मायामी विद्यापीठाविरुद्ध मेरीलँड मध्यंतराला 0-31 असं मागे होतं. उत्तरार्धात राइकला उतरवलं आणि सामना 42-40 असा जिंकला. मग 3 जानेवारी 1993. बाद फेरीचा सामना, समोर ह्यूस्टन ऑयलर्स. केली जायबंदी, म्हणून राइक मैदानात. मध्यंतराला 3-28. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच राइकने फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला आणि थेट शेवटच्या रेषेपार नेला. 3-35. प्रेक्षक उठून घरी निघाले. त्यानंतर राइकच्या फेकींवर बफेलोचे चार टचडाऊन झाले आणि जादा वेळेत संघाने 41-38 असा विजय मिळवला. बत्तीस गुणांची पिछाडी भरून काढण्याचा तो विक्रम जवळजवळ तीस वर्षं टिकला.

पुढे काय झालं? राइकने आणखी एक सामना जिंकून दिला. मग केली बरा झाला आणि राइक मुकाट्याने पुन्हा बाकावर जाऊन बसला. मला त्या विक्रमापेक्षा हे बसणं मोठं वाटतं.

आम्हा कवींना ही जागा ओळखीची आहे. संमेलनाच्या पत्रिकेवर मोठी नावं छापून झाली की शेवटी ‘आणि इतर’ असं असतं. त्या ‘इतर’मध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत. तिथे बसलं की दोन गोष्टी करता येतात. एक, मनातल्या मनात कुढणं. दुसरी, पुढे बसलेल्याची कविता नीट ऐकणं. गायकामागे तंबोरा घेऊन बसलेला शिष्य गात नसतो, पण त्याचा कान शिकत असतो.

राखीव क्वार्टरबॅकचंही तसंच. आठवडाभराच्या सरावात बहुतेक वेळ पहिल्याला मिळतो. दुसऱ्याच्या वाट्याला अनेकदा येतं ते पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची नक्कल करणं, म्हणजे आपल्या बचाव फळीला सराव होतो. या आठवड्यात एकाची नक्कल, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची. अशी माणसं पुढे चांगले प्रशिक्षक होतात यात नवल नाही. त्यांनी खेळ इतरांच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो.

चौदा हंगामांनंतर राइक निवृत्त झाला. मध्यंतरी तो एका धर्मशिक्षण संस्थेचा प्रमुख होता. मग खेळाकडे परतला आणि प्रशिक्षणाच्या कामात पायरी-पायरीने वर चढला. 2017 च्या हंगामात तो फिलाडेल्फिया ईगल्सच्या आक्रमणाचा प्रशिक्षक होता. डिसेंबरात संघाचा पहिला क्वार्टरबॅक कार्सन वेन्झ जायबंदी झाला आणि राखीव निक फोल्सवर भार आला. मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन हाही एके काळचा राखीव क्वार्टरबॅक! दोन बाकावरच्या माणसांनी तिसऱ्याला उभं केलं. 4 फेब्रुवारी 2018 रोजी ईगल्सनी पहिल्यांदाच ‘सुपर बोल’ जिंकला आणि फोल्स सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्याच महिन्यात राइक इंडियानापोलिस कोल्ट्सचा मुख्य प्रशिक्षक झाला, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. तीही दुसरी पसंती म्हणून. आधी ठरलेल्या गृहस्थांनी ऐन वेळी नकार दिला होता.

इथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण खोटी होईल. नोव्हेंबर 2022 मध्ये कोल्ट्सनी त्याला काढलं. पुढच्याच महिन्यात त्याच कोल्ट्स संघाने 33 गुणांची आघाडी गमावली आणि राइकचा 1993 चा विक्रम मोडला! 2023 मध्ये कॅरोलायना पँथर्सने त्याला नेमलं आणि अकरा सामन्यांत दहा पराभव झाल्यावर निरोप दिला.

आमच्या घरच्या बोलीत ‘सब्र’ असा शब्द आहे. मराठीत आपण धीर म्हणतो. फळ मिळेल म्हणून थांबणं म्हणजे सब्र, अशी अनेकांची समजूत असते. तसं असतं तर तो सौदाच झाला. फळ मिळो न मिळो, आपलं काम तयार ठेवणं, हा खरा सब्र. आज घराघरांत प्रतीक्षा यादीवर नाव असलेली मुलं आहेत. त्यांना ‘एक दिवस तुझा येईल’ असं वचन कुणीच देऊ शकत नाही. पण तो आलाच, तर हात तयार असावा, एवढं सांगता येतं.

2025 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघाला तातडीने प्रशिक्षक हवा होता. तिथला कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू लकने राइकला बोलावलं. लक कोल्ट्समध्ये त्याच्या हाताखाली खेळला होता. नेमणूक हंगामी, एका मोसमापुरती. त्रेसष्ट वर्षांचा राइक गेला. बारा सामन्यांत चार जिंकले, आणि मोसम संपल्यावर त्याने जागा मोकळी करून दिली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)