अज्ञान मुलांचे पालकत्व
(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी धानकापणीच्या सुमारास आमगावकडील एक भगिनी माझ्याकडे आल्या. पती वारलेले, मुलगा नऊ वर्षांचा. आजोबांनी मृत्युपत्राने नातवाला दोन एकर बांधी दिलेली. दीर सज्जन, मुलाची शाळा, कपडालत्ता, औषधपाणी सारे त्यांनीच पाहिले. परंतु घरावरचे कर्ज फेडण्यासाठी त्यांनी मुलाचा पालक म्हणून त्यांतील एक एकर विकण्याचे ठरविले होते व इसारही घेतला होता. ‘सख्खा चुलता म्हणजे पालकच की!’ असे सर्वांचे म्हणणे होते.

हे म्हणणे कायद्यास मान्य नाही. सन 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमान्वये नैसर्गिक पालक म्हणजे पिता व त्याच्यामागे माता. चुलता, मामा, आजोबा यांनी मुलाला कितीही मायेने वाढविले, तरी केवळ तेवढ्याने त्यांना त्याची मालमत्ता विकता येत नाही. किंबहुना आईलाही जिल्हा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून मुलाची स्थावर मिळकत विकता वा गहाण ठेवता येत नाही. पाच वर्षांहून अधिक मुदतीने ती पट्ट्यानेही देता येत नाही. परवानगी मिळते ती मुलाची निकड किंवा त्याचे उघड हित असेल तरच. घराचे कर्ज हे मुलाचे हित नव्हे! (एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतीची गोष्ट निराळी; तेथे कर्त्याचे अधिकार वेगळे आहेत.) आईने परवानगीवाचून विक्री केली, तर मुलगा सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत ती रद्द करवून घेऊ शकतो. म्हणजे घेणाऱ्याच्याही डोक्यावर टांगती तलवार.

खरेदीखत थांबले, इसार परत गेला. दीर-भावजयीत कित्येक महिने अबोला होता, हेही सांगितले पाहिजे. त्या सज्जन गृहस्थांस आपल्यावर चोरीचा आळ आला असे वाटले. वास्तविक त्यांनी सन 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली अर्ज केला असता, तर न्यायालयाने त्यांच्या योग्यतेचाही विचार केला असता. मात्र अशा नेमलेल्या पालकाकडून न्यायालय मिळकतीची यादी व जमाखर्चाचा हिशेब मागू शकते, आणि नेमका हिशेबच आपल्या मंडळींस अपमानास्पद वाटतो.

मातेच्या अधिकाराविषयीही आपल्यात पुष्कळ गैरसमज आहेत. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान हा सन 1970 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आपल्या विदर्भातील कुळकायद्याच्या वादातूनच निघाला. पिता हयात होता, पण वर्षानुवर्षे वेगळा राहत होता व मुलीकडे त्याचे लक्ष नव्हते. तिचा सारा कारभार आईच पाहत होती. तेव्हा आईच नैसर्गिक पालक, असे न्यायालयाने मानले. पुढे सन 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात ‘पित्याच्या नंतर’ याचा अर्थ ‘पित्याच्या मृत्यूनंतरच’ असा नव्हे, तर ‘पित्याच्या अभावी’ असा आहे, हे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले.

आता ज्यांचे मूल मतिमंद आहे वा मेंदूच्या पक्षाघाताने पंगू आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. अठरा वर्षे पूर्ण होताच आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते, मग मूल स्वतःच्या हाताने जेवू शकत नसले तरीही. यासाठी सन 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकारी तिचे सदस्य असतात. तुमच्या पश्चात कोण, हा प्रश्न तुमच्या हयातीतच तेथे मांडा. थोरल्या भावाने तोंडी हमी दिली म्हणून स्वस्थ बसू नका. त्याच्या सुनेने ती दिलेली नसते.

शेवटी एक किरकोळ पण विसरली जाणारी गोष्ट. सातबाऱ्यावर अज्ञान खातेदाराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असा शेरा व पालनकर्त्याचे नाव असते. मूल अठरा वर्षांचे झाले की जन्मतारखेचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा व तो शेरा कमी करून घ्यावा. त्या भगिनीच्या मुलाला अजून सात वर्षे आहेत. मी तारीख माझ्या वहीत लिहून ठेवली आहे.