घोरण्याविषयी दोन शब्द
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



घोरणाऱ्यास गाढ झोप लागते, अशी घरोघरी समजूत आहे. आम्हीही ती बाळगून होतो. आमच्या सौभाग्यवती मात्र रात्री उठून बसत. घोरणे एकाएकी थांबले की पुन्हा श्वास ऐकू येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीस लागे. अखेर निद्रापरीक्षा झाली. आमचा श्वास तासाला ३४ वेळा अडत वा मंदावत होता!

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो. दिवसा डुलक्या येतात, रक्तदाब वाढतो. यावर सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जो उपाय प्रसिद्ध केला, तेच हे सीपॅप यंत्र. मुखवट्यावाटे हवेचा दाब देऊन ते मार्ग उघडा राखते.

प्रारंभी आम्ही मध्यरात्रीच मुखवटा भिरकावीत असू. घसा कोरडा पडे, नाकावर वळ उठत. मग योग्य मापाचा मुखवटा घेतला, हवेस ओलावा देणारे पाण्याचे भांडे जोडले आणि दिवसा वृत्तपत्र वाचताना तो लावण्याचा सराव केला. महिन्याभरात सवय जडली.

लाज मात्र उरली. एका लग्नघरी आम्ही यंत्र नेलेच नाही. सौभाग्यवतींनी ती रात्र आमच्या उशाशी जागून काढली. त्या दिवशी आमचे डोळे उघडले. चष्म्याची लाज नाही, मग याचीच का?

आपल्या घरी कोणाचा श्वास असा अडत असेल, तर हसण्यावारी न नेता डॉक्टरांकडे जावे, एवढीच विनंती.