धूर कुणाच्या दारात?

आपलं गुडीहत्नूर नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं. ट्रकांचा धूर आपल्या रोजच्या ओळखीचा. स्टॉकहोमने १९९६ साली जुन्या डिझेल ट्रक-बसना शहराच्या मध्यभागी मज्जाव केला. लंडनने २००८ पासून अशा गाड्यांना रोजचा जबर आकार लावला. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशाने सिटी बस सीएनजीवर आल्या. चांगलंच झालं. पण शहराने दार लावलं म्हणून जुनी गाडी भंगारात जातेच असं नाही. ती गावाकडच्या रस्त्याला लागू शकते. म्हणून नियम नुसता शहराच्या वेशीला नको, गाडीलाच हवा. तोवर आपल्या हातातलं तरी आपण करू: विसर्जन मिरवणुकीत ट्रॅक्टर थांबला, की इंजिन बंद. मागे आपलीच लेकरं नाचत असतात. गणपती बाप्पा मोरया!