गवंड्याचा हात आणि घराचा भरवसा



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा भार यांखाली हजारो माणसे गाडली गेली. ठाण्याच्या श्रमिकाला मात्र त्यासाठी भूकंपाचीही गरज भासली नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ जणांचा बळी गेला. मृतांत बांधकाम मजूर व त्यांची मुलेबाळेही होती.

२००२ च्या भारतीय मानकाने ठाणे-कल्याणचा प्रदेश तिसऱ्या भूकंपक्षेत्रात घातला. शेजारच्या डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. अशा भूमीवर घराचा भरवसा नकाशाइतकाच कारागिराच्या हातावर अवलंबून असतो. कॉलमच्या रिंगेचे टोक काटकोनात वळवले की काम लवकर उरकते. तेच १३५ अंशांत आत वळवले, तर हादऱ्यात काँक्रीट फुटू लागले तरी रिंग उघडत नाही. फरक चिमूटभर लोखंडाचा आणि क्षणभर श्रमाचा. पण तो समजावून सांगतो कोण?

याचे उत्तर गुजरातमध्ये मिळाले. २००१ च्या भूकंपानंतर पाटण जिल्ह्यातील पाटणका गावाच्या पुनर्बांधणीत नेपाळचे गवंडी आले आणि त्यांनी तेथील गवंड्यांना भूकंपरोधक बांधणीचे धडे दिले. नेपाळमधील भूकंपतंत्रज्ञान संस्थेने त्यांना पाठवले होते. ज्ञान श्रीमंत राष्ट्रांतूनच यावे लागते, हा समज त्या कारागिरांनी खोटा ठरवला. थापी धरणाऱ्याने थापी धरणाऱ्याला शिकवले. सरहद्द आड आली नाही.

कल्याण-डोंबिवलीत हा प्रयोग जसाच्या तसा उचलून चालणार नाही. पाटणक्याचा गवंडी आपल्याच गावाची घरे उभारत होता. नाक्यावरचा कामगार मात्र रोज नव्या मुकादमाच्या हाताखाली, परक्याचे घर बांधतो. प्रशिक्षणाला गेला तर त्या दिवसाची चूल पेटत नाही. शिकून आला तरी सळई किती घालायची, सिमेंट किती मिसळायचे, हे ठेकेदारच ठरवतो. मालकाची लबाडी तशीच ठेवून केवळ गवंड्याला शिकवणे म्हणजे उद्याच्या दुर्घटनेचे खापर आजच त्याच्या माथी फोडण्याची तयारी होय.

म्हणून मागण्या तीन आहेत. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेल्या बांधकाम उपकरातून प्रशिक्षणाच्या दिवसांची पूर्ण मजुरी मिळावी. प्रशिक्षित कारागिराला वाढीव दर बंधनकारक व्हावा. आणि निकृष्ट काम करण्यास नकार देणाऱ्या कामगाराला कायद्याचे संरक्षण लाभावे.

कार्यकर्त्यांनी याची सुरुवात नाक्यावरून करावी. ज्या हातांनी ही शहरे उभी केली, त्यांना ज्ञान हवे, आणि चुकीच्या कामाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही हवा. त्या अधिकारावाचून ते ज्ञान भिंतीत उतरणार नाही.