खिशातला की गळ्यातला?

मला कवितेवर बोलायला बोलावतात तेव्हा निम्मं भाषण तोंडपाठच असतं. आज विषय कॅमेऱ्याचा आहे आणि मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. तेव्हा आकडे सांगताना अडखळलो तर सांभाळून घ्या. पण ही खरेदी करताना मी सहा महिने जेवढा घोळ घातला, तेवढा मुलीचं लग्न ठरवतानाही घातला नव्हता. त्या घोळातून जे हाती लागलं, ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आधी कॅमेरा हवाच कशाला, ते. माझ्या वडिलांचा एकच फोटो आहे. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. गावातले निम्मे पुरुष बोटीवर, अब्बाही बोटीवरच. जहाजावर नोकरी करायची तर सीडीसी लागते, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, आणि त्यात फोटो लागतो. तेवढ्यासाठी मुंबईतल्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला तो फोटो. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा माणूस, मान ताठ, नजर समोर, एका गालावर सरकारी शिक्का. आजोबांना घरात तसबीर चालत नसे आणि अब्बांनी त्यांचा शब्द कधी मोडला नाही. १९८९ साली अब्बा गेले, तेव्हा दाढी पांढरी झाली होती आणि हसताना त्यांचा डावा डोळा पूर्ण मिटायचा. हे मला आठवतं. माझ्या मुलीला दाखवायला मात्र माझ्याकडे तो शिक्कावाला तरुण तेवढा आहे.

अम्मी आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. अजून चूल सोडत नाही. म्हणून मला कॅमेरा हवा होता.

तुम्ही म्हणाल, खिशात फोन आहे की! आहे. पण फोन समोर धरला की अम्मीला वाटतं, आखातातून धाकट्याचा व्हिडिओ कॉल आलाय. ती पदर सावरते आणि मोठ्यानं विचारते, "जेवलास का रे?" असे पन्नास फोटो आहेत माझ्याकडे, सगळ्यांत तोंड उघडं. दुसरं कारण जरा तांत्रिक आहे. फोनचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, फार लहान. अंधारात तिला पुरेसा उजेड मिळत नाही, मग फोन हिशेब करून चित्र गुळगुळीत करतो. आमचं स्वयंपाकघर म्हणजे काळोखच. कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवलंय, त्यातून जो कवडसा पडेल तेवढाच उजेड. तिथं काढलेल्या फोटोत फोनने अम्मीच्या सुरकुत्या पुसून टाकल्या. मला तर त्या सुरकुत्याच हव्या होत्या.

दुकानात गेलो. दुकानदाराने काचेवर दोन वस्तू ठेवल्या. एक खिशात मावणारा कॉम्पॅक्ट, दुसरा नवशिक्यांसाठीचा मिररलेस. किमती ऐकून पहिला भ्रम गेला. लहान म्हणजे स्वस्त, असं आता राहिलेलं नाही. २०१० साली जपानी कंपन्यांनी मिळून १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाजारात आणले होते; २०२३ साली ८० लाखसुद्धा नाहीत. मधल्या काळात फोनने साधे, स्वस्त कॉम्पॅक्ट गिळून टाकले. जे उरले ते चांगले आहेत आणि महाग आहेत, बऱ्याचदा सुरुवातीच्या मिररलेसपेक्षाही महाग. अधेमधे एखादा फारच स्वस्त, पण मेगापिक्सेलचा मोठा आकडा छातीवर मिरवणारा कॅमेरा दिसतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात सेन्सर फोनएवढाच, बरेचदा फोनहून वाईट.

आता मिररलेस म्हणजे काय? जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात आत तिरपा आरसा असे. लेन्समधून आलेलं दृश्य तो वर डोळ्याकडे पाठवी आणि बटण दाबलं की खटकन बाजूला होई. हा आरसा काढला, दृश्य थेट सेन्सरवर घेऊन पडद्यावर दाखवलं, आणि लेन्स बदलण्याची सोय तशीच ठेवली, की झाला मिररलेस. २००८ साली पॅनासॉनिकच्या जी-१ पासून तो सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचला. कॉम्पॅक्टमध्येही आरसा नसतो, पण त्याची लेन्स कायमची जोडलेली असते. खरा फरक आरशाचा नाहीच मुळी. तो सेन्सरचा आणि लेन्सचा.

इथे एक हिशेब सांगतो, कारण दुकानात तो कुणी करून देत नाही. उदाहरणाला कॅननचेच दोन घेऊ. जी-७ एक्स मार्क थ्री हा २०१९ सालचा कॉम्पॅक्ट, वजन सुमारे ३०४ ग्रॅम. ईओएस आर-५० हा २०२३ सालचा मिररलेस. सोबत मिळणारी १८-४५ ची लेन्स धरून ५०० ग्रॅमच्या वर. मिररलेसचा सेन्सर कॉम्पॅक्टच्या जवळपास पावणेतीन पट. झालं, मोठा तो चांगला, असं म्हणून मी पाकीट काढलंच होतं. पण लेन्सकडे बघा. कॉम्पॅक्टची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते, मिररलेससोबतची ४.५ पर्यंतच. हा आकडा जेवढा लहान तेवढी खिडकी मोठी, आणि फरक वर्गाने वाढतो. म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर कॉम्पॅक्टची लेन्स सव्वासहा पट उजेड पाडते. आता सव्वासहाला पावणेतीनने भागा. काळोख्या स्वयंपाकघरात लहान कॅमेऱ्याला एकूण उजेड दुपटीहून जास्त मिळतो! अंगण मोठं पण दार अरुंद, अशी त्या मिररलेसची गत.

अर्थात त्याला उपाय आहे. मिररलेसला एफ १.८ ची ५० मिलिमीटरची लेन्स लावली की पारडं फिरतं आणि मोठ्या सेन्सरचा पुरा फायदा मिळतो. पण मग ती लेन्स वेगळी घ्यावी लागते आणि तिच्यात झूम नसतो. म्हणून मिररलेस घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून दोन लेन्सचे पैसे मनात धरा. एवढे पैसे नसतील किंवा दुसरी लेन्स कधीच घ्यायची नसेल, तर मिररलेस घेऊन निम्मा कॅमेरा कपाटात ठेवल्यासारखं आहे.

मला निर्णय होईना. शेवटी एका मित्राकडून मिररलेस आणि त्याची ती ५० ची लेन्स, दुसऱ्याकडून कॉम्पॅक्ट, असं आठवड्याभरासाठी उसनं घेतलं आणि गावी गेलो. खरेदीआधी असं करता आलं तर जरूर करा. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच कॅमेरे गुणी वाटतात.

पहिल्या दिवशी मिररलेस गळ्यात अडकवून चुलीपाशी गेलो. अम्मीने पाहिलं, हातातलं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि धुवट साडी नेसून आली. पाटावर बसली. मान ताठ, नजर समोर. मी डोळ्याला कॅमेरा लावला आणि मला सीडीसीतले अब्बाच दिसले. फोटो अप्रतिम आला, हे कबूल करतो. पापण्यांचे केस मोजावेत इतका स्वच्छ, मागची भिंत विरघळलेली. पण ती अम्मी नव्हती. सरकारदरबारी हजर झालेली बाई होती.

तिसऱ्या दिवशी कॉम्पॅक्ट सदऱ्याच्या खिशात होता. ती तांदूळ निवडत होती आणि शेजारच्या घरातल्या कुठल्याशा भांडणाची हकिकत सांगत होती. मी हुंकार देत देत तीन-चार फोटो काढले. तिला कळलंही नाही. एकात कवडसा थेट तिच्या हातांवर पडलाय.

आता माझी अडचणही सांगतो, कारण ती माझ्या वयाच्या सगळ्यांची आहे. चाळिशी लागलेल्या माणसाला मागचा पडदा दिसत नाही. चष्मा लावा, फोटो काढा, चष्मा काढा, समोर पाहा. त्या कॉम्पॅक्टला डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नव्हता. मिररलेसला होता आणि त्याच्या बाजूला चष्म्याच्या नंबराप्रमाणे फिरवायची बारीक चकती होती. ती जुळवली की बिनचष्म्याचं लख्ख दिसतं. उन्हात तर पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं, तिथं व्ह्यूफाइंडरला पर्याय नाही. पण सगळ्याच मिररलेसना तो असतो असंही नाही, आणि काही कॉम्पॅक्टना असतो. विचारून घ्या. हा प्रश्न तरुण विक्रेत्याला सुचत नाही.

कोकणाचं म्हणून आणखी एक. आमच्याकडे पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. कॅमेरा चामडी पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरा. पुळणीवर कॉम्पॅक्ट सांभाळा. त्याची आतबाहेर होणारी लेन्स वाळूच्या चार कणांनी अडकते. मिररलेसची लेन्स वाऱ्यावर बदलू नका, धूळ थेट सेन्सरवर बसते. मिररलेसची धूळ निदान साफ करता येते, कॉम्पॅक्टच्या आत गेलेली काढायला तो उघडावाच लागतो.

ज्याला शिकायचंय, पक्षी किंवा मुलांचे सामने टिपायचेत, लग्नाची कामं घ्यायचीत, त्याने मिररलेसच घ्यावा. तिथं लेन्स बदलता आली पाहिजे. माझ्या भाचीला मी तेच सांगितलं आणि तिने तेच घेतलं. मी कॉम्पॅक्ट घेतला, तोही वापरलेला, लेन्स दहादा आतबाहेर करून, उजेडात धरून बुरशी पाहून. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलाय. थोडक्यात, गळ्यात काहीतरी आलंच.

तो तांदळाचा फोटो मी कागदावर छापून घेतला, कारण पडद्यावरचं अम्मीला खरं वाटत नाही. तिने तो उजेडाकडे धरला. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हे तर माझ्या आईचे हात." तिच्या आईचा फोटो कधी निघालाच नव्हता. तिने तो पेटीत अब्बांच्या सीडीसीशेजारी ठेवला, झाकण लावलं आणि मला म्हणाली, "तोंडाचा पण काढ एक. पण सांगून काढ, नीट बसते."

त्यासाठी मित्राकडचा तो मोठा कॅमेरा पुढच्या महिन्यात पुन्हा मागून आणायचा आहे.